शेवटच्या शब्दाआधी

परिषदेची सुरुवात सामूहिक गाण्यानं झाली. संगीतोपचार करणारे आम्ही शे-सव्वाशे लोक, देशभर आपापल्या घरी लॅपटॉपपुढे बसलेलो. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, चला, सगळे मिळून गाऊया, पण कृपया आपापला आवाज बंद ठेवून. ऑनलाइन सगळे एकदम गायला लागले की कुणाचा आवाज आधी पोचतो, कुणाचा नंतर, आणि गाण्याची खिचडी होते. तेव्हा गाणं बाईंचं ऐकायचं आणि आपण आपल्या खोलीत एकट्यानं गायचं, याला म्हणायचं सामूहिक.

मी गायले नाही. तोंड हलवलं फक्त. राजाजीनगरच्या माझ्या घरात इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता, अंगात वर कडक कॉटनचा कुर्ता आणि खाली घरातला पायजमा. शेजाऱ्यांकडे भिंतीला ड्रिल चालू होतं. शनिवार होता, आठवडाभर रोज सहा रुग्ण झालेले, आणि आता दोन दिवस हे. हजेरी लागली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र मिळालं की नोंदणीचं नूतनीकरण. नाही लावली हजेरी तर बावीस वर्षं केलेल्या कामाला पुढच्या वर्षीपासून छंद म्हणतील.

थकले होते, हे आधीच सांगून टाकते. या कामाचा थकवा अंगाला कमी आणि जिभेला जास्त येतो. कुठल्याही लग्नात कुणी ना कुणी विचारतंच, "झोप येत नाही, कुठला राग ऐकू?" पूर्वी मी समजावून सांगत असे. हल्ली म्हणते, "मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा." लोकांना ते आवडत नाही. फुकटचा सल्ला तोही असा!

माझं काम पक्षाघात झालेल्या माणसांबरोबर चालतं. झटक्यानं ज्यांचं बोलणं जातं, त्यांचं गाणं पुष्कळदा शिल्लक राहतं. हमरस्ता बंद पडला तरी मागची गल्ली उघडी असते, तसं. त्या गल्लीतून एखादा शब्द बाहेर काढता येतो का, एवढंच मी बघते. रुग्णाला रोज लागणारं एक छोटं वाक्य घ्यायचं, त्याला तीन-चार सुरांची साधी चाल लावायची, त्याच्या डाव्या हातावर ठेका देत दोघांनी मिळून गायचं. पुष्कळ दिवस. मग एके दिवशी शेवटच्या शब्दाआधी आपण थांबायचं. तो शब्द त्यानं म्हणायचा. किती का वेळ लागेना, आपण म्हणायचा नाही, सुचवायचा नाही. हे थांबणं म्हणजेच आमची विद्या. बाकीचं गाणं काय, कुणालाही येतं.

परिषदेत मला बारा मिनिटं मिळाली होती आणि त्यात मी एका माणसाबद्दल बोलणार होते. त्यांना मी अण्णा म्हणते. मूळचे निपाणीकडचे, म्हणजे माझ्याच भागातले. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिले. घरात मराठी, कारखान्यात कन्नड. सोळा महिन्यांपूर्वी झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. पेपर वाचतात, मॅच बघतात, बायकोनं भाजीत मीठ जास्त टाकलं तर ताट सरकवतात. फक्त बोलता येत नाही.

कारखान्याचे मालक भले गृहस्थ. ते म्हणाले, अण्णाला गेटवर बसवतो. माल घेऊन लॉरी आली की इंटरकॉम उचलायचा आणि आत स्टोअरला सांगायचं, "गेटिगे लारी बंतु." गेटवर लॉरी आली. तेवढं बोलता आलं की पुरे. मी सुचवलं होतं, एक घंटा लावू या. मालक म्हणाले, "घंटा वाजवायला माणूस कशाला, मॅडम? मी अण्णाला बसवतोय, घंटेला नाही." त्यांचंही खरंच होतं. अण्णांची बायको, मी तिला वैनी म्हणते, तिचं भय वेगळंच होतं. ती म्हणाली, "अक्का, पैल्याच दिवशी सगळ्यांच्या म्होरं तोंडातनं शब्द न्हाई आला, तर ह्ये परत घराभाईर पडायचे न्हाईत. मी वळखतो ह्यांना." आमच्या भागात बायकाही 'वळखतो', 'करतो' असंच म्हणतात. आणि ती ओळखत होतीच.

तर चार महिने आम्ही 'गेटिगे लारी बंतु' गात होतो. मी 'गेटिगे लारी'पर्यंत गायचं, थांबायचं. अण्णांनी 'बंतु' म्हणायचं. आणि ते म्हणायला लागले होते! जाडाभरडा, घोगरा, पण स्वच्छ 'बंतु'. अण्णा आणि वैनी, दोघांच्या संमतीनं मी त्याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला, तो मालकांना दाखवला, मालकांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, येत्या सोमवारपासून या. हा सोमवार म्हणजे परिषदेनंतरचा सोमवार.

माझी वेळ शनिवारी दुपारची. सत्राचे अध्यक्ष दुसऱ्या शहरातले एक वयस्कर गृहस्थ होते, मोठे विद्वान, पण संगणकाशी त्यांचं सासू-सुनेचं नातं. सगळ्यांचे व्हिडिओ आधीच त्यांच्याकडे पाठवलेले, ते त्यांच्याकडून लावणार. मी प्रस्तावना केली आणि म्हणाले, "आता आपण पाहू या." व्हिडिओ सुरू झाला. मी पडद्यावर, अण्णा पडद्यावर, माझा हात त्यांच्या हातावर ठेका देतोय. आवाज काही नाही.

हे आमच्याकडे दर वेळी होतं. मीटिंगचं हे सॉफ्टवेअर बोलण्याला तेवढं आवाज समजतं, बाकी सगळा त्याच्या लेखी गोंगाट. तानपुरा लागला की त्याला वाटतं पंखा फिरतोय, आणि ते इमानदारीनं पुसून टाकतं. त्याबरोबर गाणंही पुसलं जातं. ते बंद करायचं एक बटण असतं. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ते माहीत आहे आणि दर परिषदेत कुणीतरी ते विसरतं. खाली धडाधड संदेश पडू लागले: आवाज नाही, आवाज येत नाही. अध्यक्ष म्हणाले, "क्षमा करा, पुन्हा लावतो." पुन्हा लावला. पुन्हा नाही. माझ्या बारा मिनिटांतली चार अशीच गेली आणि मी मनातल्या मनात त्यांच्या विद्वत्तेचा उद्धार करत बसले. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून व्हिडिओच बघत होते.

तिसऱ्या वेळी मला दिसलं.

मी 'गेटिगे लारी' गाते. थांबते. हात थांबतो. आणि मग माझे ओठ मिटतात. 'ब' हे ओठांचं अक्षर, ओठ मिटल्याशिवाय ते निघत नाही. माझे ओठ मिटतात, जरा फुगतात, उघडतात, आणि पुढचं 'तु'सुद्धा ओठांचा चंबू करून, आवाज न काढता, मी पूर्ण म्हणते. अण्णा माझ्या डोळ्यांत बघत नाहीत, हाताकडेही बघत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघतायत. माझ्यामागोमाग त्यांचे ओठ मिटतात. मग ते बोलतात.

वाटलं, एकदाच झालं असेल. पण व्हिडिओत तीनदा वाक्य होतं आणि तिन्ही वेळा माझं तोंड हललं होतं, रांगत्या पोराला घास भरवताना आईचं हलतं तसं. मला त्याची शुद्धच नव्हती.

चौथ्या वेळी कुणीतरी अध्यक्षांना ते बटण सांगितलं आणि आवाज आला. तानपुरा, माझा गळा, शांतता, आणि अण्णांचं 'बंतु'. त्या शब्दाबरोबर पडद्यावर टाळ्यांची आणि बदामांची चित्रं भरभरून उडाली. मजा म्हणजे आवाज आल्यावर मलाही माझे ओठ दिसेनासे झाले, कान सगळं लक्ष ओढून घेत होते. शे-सव्वाशे जणांत एकालाही काही दिसलं नाही. आम्ही सगळी कानांची माणसं. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "अप्रतिम. आणि विशेष म्हणजे तुमचं ते थांबणं. तरुण मंडळींनी हे थांबणं शिकावं." मी म्हणाले, "थँक यू."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आळस होता. समजावून सांगायचं, मग प्रश्न येणार, मग उत्तरं. मी कॅमेरा बंद केला आणि ड्रिलचा आवाज ऐकत बसले.

संध्याकाळी जुनी रेकॉर्डिंग्ज काढली आणि सगळी आवाज बंद करून पाहिली. पहिल्या महिन्यात माझं तोंड मिटलेलं होतं. अण्णाही गप्प. अर्धा अर्धा मिनिट दोघं गप्प, मागे वैनी पदराचं टोक पिळत बसलेली. दुसऱ्या महिन्याच्या शेवटाकडे माझे ओठ हलायला लागतात, आणि त्याच दिवशी अण्णा 'बोलायला' लागतात. तो दिवस मला आठवला. वैनी रडली होती, मी पेढे मागवले होते.

का केलं असेल? स्वतःला फार झोडपण्यात अर्थ नाही, पण खरं ते सांगते. दिवसातला सहावा रुग्ण, समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम, आणि तो शब्द आपल्या जिभेवर आयता. तो गिळून बसायला बळ लागतं. माझं बळ संपलं होतं आणि मला ते कळलं नाही. शाळेतला मास्तरसुद्धा पोराला उत्तर फोडतो तेव्हा त्याला माहीत असतं. मला तेवढंही नव्हतं.

तेवढ्यात फोनवर वैनीचा फोटो आला. हँगरला लावलेला खाकी शर्ट, इस्त्री केलेला, खिशाला पेन. खाली लिहिलेलं, 'सोमवारची तयारी.'

इंटरकॉमला ओठ नसतात. गेटवर अण्णा रिसीव्हर उचलणार, आतून स्टोअरवाला 'हेळी अण्णा, हेळी', बोला अण्णा, बोला, म्हणणार, आणि अण्णा भिंतीकडे बघत राहणार. मागे लॉरीचा ड्रायव्हर उभा, बाजूला तीस वर्षं बरोबर काम केलेली माणसं.

रविवारी परिषदेचा दुसरा दिवस. लॅपटॉप बंद केला, फोनवरून हजर झाले, फोन पर्समध्ये आणि एक इअरफोन कानात घालून मेट्रोत बसले. मला प्रमाणपत्रही हवं होतं, इतकी काही मी साधू नाही. कानात एक बाई उपचारकांच्या थकव्याविषयी बोलत होत्या. स्वतःसाठी वेळ काढा, रोज दहा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवून बसा. मी इअरफोन काढला. पीण्याला उतरून रिक्षा केली, 'स्वल्प मुंदे, स्वल्प मुंदे', जरा पुढे, जरा पुढे, करत तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. कारखाने बंद होते, सगळीकडे रविवारची शांतता आणि कटिंग ऑइलचा वास.

वैनीनं दार उघडलं. "अक्का? आज कसं काय? या की, बसा, च्या टाकतो." अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मला बघून डावा हात वर केला. शर्ट दाराच्या मागे लटकत होता.

मी म्हणाले, "चहा नंतर. वैनी, मला एक करून बघायचंय. अण्णा, मी आज तुमच्या मागे उभी राहून गाणार आहे."

मी खुर्चीच्या मागे उभी राहिले, त्यांच्या डाव्या खांद्यावर ठेका दिला आणि गायले. गेटिगे लारी. थांबले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. मी पुन्हा गायले, पुन्हा थांबले. अण्णांचे खांदे चढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. शब्द नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्चीतच कष्टानं अंग वळवलं आणि माझं तोंड शोधलं.

मी समोर जाऊन बसले आणि दोघांना सगळं सांगितलं. व्हिडिओ, बंद पडलेला आवाज, माझे ओठ. म्हणाले, "वैनी, चूक माझी आहे. शब्द ह्यांना मी देत होते. गेटवर तो येणार नाही. उद्या ह्यांना पाठवू नका."

मला वाटलं होतं ती चिडेल. चिडायचा तिला हक्क होता, मीच पेढे वाटले होते. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "मी बी त्येच करतो, अक्का. दिसभर. पानी म्हनायचं झालं की माझंच तोंड हालतंय. थांबवतंय व्हय कुनाला?"

आम्ही दोघी अण्णांबद्दल अण्णांसमोर बोलत होतो, आणि ते ऐकत होते. समजतं सगळं, असं मी आधी लिहिलंय, पण तेव्हा आम्हा दोघींनाही त्याचा विसर पडला होता. त्यांनी डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली. आम्ही बघितलं. त्यांनी बोट माझ्या ओठांकडे केलं, मग वैनीच्या ओठांकडे, मग स्वतःच्या डोळ्यांकडे.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

मान हलली. हो.

"कधीपासून?"

हात मागे, दूर मागे गेला. पहिल्यापासून.

"मग सांगितलं का न्हाई वो?" वैनी ओरडलीच. सांगणार कसं हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिनं तोंडावर हात दाबला. अण्णा चेहऱ्याच्या चालत्या बाजूनं हसले. त्यांनी तिच्या गालावरून बोट ओढलं, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत, पाणी ओघळतं तसं, आणि मग दोन बोटांनी माझ्याकडे दाखवून पेढा तोंडात टाकल्यासारखं केलं. तिचं रडणं, माझे पेढे. आम्हाला इतका आनंद झाला होता की तो त्यांच्यानं मोडवला नाही. दोन महिने तो माणूस आमच्या समाधानासाठी बोलत होता. माझी मान खाली गेली. मला जितकं वाईट वाटलं तितकं या कामात कधी वाटलं नाही.

वैनीनं आत जाऊन मालकांना फोन केला. तिचं कन्नड माझ्यापेक्षा फर्डं. उद्या नको, थोडा वेळ लागेल, तब्येतीचं कारण नाही, अजून शब्द पक्का नाही, असं तिनं सरळ सांगितलं. मग ती "सरी सर, सरी" म्हणाली. बाहेर येऊन म्हणाली, "जागा ठिवतो म्हनले न्हाईत. न्हाई ठिवत असंबी म्हनले न्हाईत." अण्णांनी ते ऐकलं. उठले, काठी घेतली, दारामागचा शर्ट काढून घडी न घालता कपाटात कोंबला.

मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली. पण ते खुर्चीपाशी परत आले, चांगल्या हातानं आणि मांडीनं रेटत खुर्ची फरशीवरून कर्रकन फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वैनीनं मदतीला हात पुढे केला तो त्यांनी झटकला. पाठमोरेच त्यांनी डाव्या हातानं मांडीवर ठेका दिला. एक, दोन, तीन. सुरू कर.

मी गायले. तानपुरा नाही, काही नाही, रुग्णांशी बोलून बोलून बसलेला गळा. गेटिगे लारी. आणि थांबले. वैनी शेजारी उभी होती, तिनं दोन्ही ओठ दातांखाली धरले होते. मीही. त्या भिंतीवर काही नव्हतं, एक खिळा आणि जुन्या कॅलेंडरचा डाग. अण्णांचा ठेका थांबला. पाठ ताठ झाली, श्वास अडला, सुटला, पुन्हा अडला. माझ्या जिभेवर तो शब्द आयता होता आणि तो गिळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भिंतीकडून आवाज आला. "ब." नुसता. पुढे काही नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, "ब... ब...", आणि दमून मान टाकली.

"यवढंच?" वैनीनं माझ्या कानात विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले. "पण हे त्यांचं स्वतःचं आहे."